बुरुजावरून न दिसलेली लढाई

प्रश्न : आम्ही दोघे चिपळूणचे. मुलगी शिक्षणासाठी बाहेर गेल्यापासून वर्षातून एकदा चार दिवसांसाठी गाडी काढायची आणि किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचे, असा आमचा परिपाठ आहे. यंदा फेब्रुवारीत तळेऱ्याहून वळून विजयदुर्गला गेलो. 1756 साली तेथे इंग्रजांनी आंग्र्यांचे आरमार जाळले, एवढे मी वाचून गेले होते आणि ती जागा डोळ्यांनी पाहावी अशी फार इच्छा होती. प्रत्यक्षात सकाळी नऊला किल्ल्यात शिरलो आणि अकराला बाहेर आलो. तट पाहिले, कोठारे पाहिली, समुद्राचे फोटो काढले. लढाई मात्र कोठेच दिसली नाही. वाटाड्याने पाण्याखालच्या भिंतीवर शत्रूची जहाजे आपटून फुटल्याची गोष्ट रंगवून सांगितली आणि हा किल्ला कधी पडलाच नाही, असेही ठासून सांगितले. परतताना पडेल कॅन्टीनला चहा घेताना आमच्यात जो वाद सुरू झाला तो हातखंबा आले तरी मिटला नव्हता. यांचे म्हणणे असे, की समुद्रावरच्या लढाईची जागा पाहायला जाणे म्हणजे गाडी निघून गेल्यावर फलाट पाहायला जाणे. शिवाय ती लढाई इंग्रजांनी जिंकलेली, मग हरलेल्या ठिकाणी मुद्दाम कशाला जायचे? माझे म्हणणे असे, की पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, तेव्हा हरले कोण हेच आधी ठरवायला हवे. आम्हा दोघांत बरोबर कोण? आणि पुन्हा गेलो तर काय पाहावे व कोठून पाहावे?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर : तुमच्या यजमानांची फलाटाची उपमा मला आवडली, पण ती त्यांच्याच विरुद्ध जाते. फलाट पाहिला तर गाडी कोणत्या बाजूने आली, कोठे थांबली आणि माणसे कोणत्या दारातून उतरली हे कळते. तुम्ही दोघांनी विजयदुर्गाचा फलाट पाहिलाच नाही, कारण तुम्ही सगळा वेळ किल्ल्याच्या आत होतात आणि 1756 ची लढाई किल्ल्याच्या बाहेर झाली.

जागेपासून सुरुवात करतो. विजयदुर्ग वाघोटन खाडीच्या मुखाशी, दक्षिणेच्या काठावर उभा आहे. पश्चिमेला उघडा समुद्र, उत्तरेला खाडीचे तोंड आणि पलीकडे राजापूर तालुक्याचा, म्हणजे आजच्या रत्नागिरी जिल्ह्याचा किनारा. जमिनीशी त्याला जोडणारी पट्टी एवढी अरुंद आहे, की जुन्या काळी तेथे खंदक खोदून किल्ला पुरता तोडलेला होता. पुढे तो बुजला आणि तुमची गाडी त्यावरूनच आत आली. समुद्राकडून पाहणाऱ्याला तिहेरी तटबंदीचा हा किल्ला अजिंक्यच वाटावा असा आहे, आणि 1720 मध्ये इंग्रजांना व 1724 मध्ये डचांना येथून हात हलवत परत जावे लागले, ते उगीच नव्हे. इंग्रजांच्या कागदांत त्याचे नाव 'घेरिया' असे येते, ते शेजारच्या गिर्ये गावावरून.

आता 1756 चा फेब्रुवारी. सरखेल कान्होजी आंग्रे 1729 मध्ये वारल्यावर त्यांच्या मुलांत वाटण्या आणि भांडणे झाली, आणि अखेरीस विजयदुर्ग तुळाजी आंग्र्यांच्या हाती राहिला. तुळाजी पेशव्यांचे वर्चस्व मानायला तयार नव्हते. त्यामुळे मार्च 1755 मध्ये नानासाहेब पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला आणि महिनाभरातच कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या वर्षी अॅडमिरल वॉटसन सत्तर तोफांचे 'केंट' आणि इतर लढाऊ जहाजे घेऊन 11 फेब्रुवारीला विजयदुर्गासमोर आला. त्याच्याबरोबर जमिनीवर उतरवायची फौज घेऊन रॉबर्ट क्लाइव्ह होता. पेशव्यांचे सैन्य आधीच जवळ येऊन तळ देऊन होते आणि तुळाजी स्वतः बोलणी करण्यासाठी त्या छावणीत गेले होते, म्हणजे मालक घरात नसताना ही लढाई झाली.

12 तारखेला वॉटसनची जहाजे पश्चिमेच्या भक्कम तटासमोर उभी राहिलीच नाहीत. ती टोक ओलांडून सरळ खाडीच्या मुखात शिरली आणि किल्ल्याच्या उत्तरेला नांगर टाकून त्यांनी तोफा सुरू केल्या. आंग्र्यांच्या गुराबा, म्हणजे मोठी लढाऊ जहाजे, आणि गलबते तेथेच, किल्ल्याच्या आडोशाला, एकमेकांना लागून उभी होती. त्यांत पूर्वी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडूनच पकडून आणलेले 'रेस्टोरेशन' नावाचे जहाज होते. एक पेटता गोळा त्यावर पडला, ते पेटले आणि त्याच्यापासून शेजारची, तिच्यापासून पलीकडची अशी करत सगळी जहाजे भडकली. जो आडोसा तीस-चाळीस वर्षे आरमाराला वाचवत आला, त्याच आडोशाला सगळी जहाजे खेटून उभी असल्यामुळे एका गोळ्याने काम झाले. दुसऱ्या दिवशी, 13 फेब्रुवारीला, किल्ल्यातल्या शिबंदीने शरणागती पत्करली.

तेव्हा पुन्हा गेलात तर प्रथम उत्तरेचा, खाडीकडचा तट गाठा. बहुतेक प्रवासी सूर्यास्तासाठी पश्चिमेच्या बुरुजांवर गर्दी करतात आणि खाडीकडे पाठ फिरवतात, हे मी दर खेपेस पाहतो. उत्तरेच्या तटावर उभे राहून खाली पाहिले, की जहाजांना आडोसा का हवा होता आणि त्या आडोशात शिरलेल्या शत्रूवर वरून मारा करताना खाली आपलीच जहाजे असतील तर काय गत होत असेल, ते सांगावे लागत नाही. नंतर तुमच्यापैकी एकाने तेथेच थांबावे आणि दुसऱ्याने खाली बंदराच्या धक्क्यावर जावे. फोनवर बोलत एकमेकांना दिसते का पाहा. दोघांनी मिळून रणभूमी पाहण्याचा हा एक फायदा आहे, जो एकट्या अभ्यासकाला मिळत नाही. आम्ही उभयता असेच करतो आणि धक्क्यावर कोणी जायचे यावर आमचाही वाद होतो.

दुसरी गोष्ट वेळेची. तुम्ही सकाळी नऊला गेलात. फेब्रुवारीत त्या वेळी जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा नुकता पडत असतो आणि दुपार चढू लागली, की समुद्रावरून खारा वारा सुटतो. शिडाच्या जहाजाला खाडीत शिरायचे तर हा दुपारचा वाराच हवा. किनाऱ्यावरच्या लढाईला घड्याळ असते ते असे. म्हणून एकदा दुपारी एकच्या सुमारास, टोपी घालून, उत्तरेच्या तटावर बसा आणि वारा तोंडावर केव्हा येतो ते पाहा. भरतीचा हिशेब तर आपल्याकडे घरोघर ठाऊक असायचा : तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता साधारण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला साधारण सव्वाअकरा ते बारा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. ओहोटीला खाडीच्या काठचे खडक उघडे पडतात आणि जहाजाला मोकळी वाट किती अरुंद होती ते दिसते; भरतीला तीच खाडी ऐसपैस वाटते. कालनिर्णय गाडीत ठेवावे ते यासाठी.

तिसरी जागा तुम्ही गाडीतून ओलांडून गेलात. जमिनीकडून किल्ल्याला जाणारी वाट एकच आहे, ती गिर्येकडून येणारी. 12 तारखेच्या रात्री क्लाइव्ह आपली फौज घेऊन उतरला आणि किल्ला व पेशव्यांचे सैन्य यांच्या मधोमध उभा राहिला. हा बंदोबस्त जितका आंग्र्यांसाठी होता तितकाच पेशव्यांसाठी होता, कारण किल्ला मित्राच्या हाती आधी पडू नये, ही इंग्रजांची काळजी होती. ज्या पट्टीवरून आपण आज 'किल्ला आला, गाडी कोठे लावायची' म्हणत जातो, त्या परिसरात तीन फौजांचे तीन वेगवेगळे हिशेब एका रात्रीत समोरासमोर होते. या लढाईत मला सर्वांत जास्त बोलकी वाटते ती हीच जागा, आणि तेथे पाहायला काहीही नाही.

यावरून तुमच्या वादाकडे येतो. वाटाड्याची दोन्ही विधाने 1756 पुरती तरी टिकत नाहीत. पाण्याखालच्या भिंतीची गोष्ट कितीही आवडती असली, तरी त्या वर्षी इंग्रजांची जहाजे खाडीच्या मुखात शिरली हे पक्के आहे. आणि किल्ला पडला, हेही पक्के आहे. वाटाड्यावर रागावू मात्र नका. पडलेल्या किल्ल्याची गोष्ट ऐकायला पर्यटक पैसे देत नाहीत, हे त्याला अनुभवाने कळले आहे, आणि त्यात आपलाही वाटा आहे.

हरले कोण, या प्रश्नात बाई, तुमचे पारडे जड आहे, पण पुरते नाही. करारानुसार किल्ला पेशव्यांना मिळायचा होता. इंग्रजांनी तो ताब्यात ठेवला, आत सापडलेली सुमारे दहा लाख रुपयांची लूट आपसांत वाटून घेतली आणि ऑक्टोबर 1756 मध्ये नवा तह झाल्यावरच, बाणकोट पदरात पाडून घेऊन, विजयदुर्ग पेशव्यांना दिला. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत पडले ते अखेरपर्यंत सुटले नाहीत. वॉटसन आणि क्लाइव्ह त्याच वर्षअखेरीस बंगालकडे गेले. 2 जानेवारी 1757 ला त्यांनी कलकत्ता परत घेतले आणि जूनमध्ये प्लासी झाली. विजयदुर्गाच्या खाडीतले जहाज पुढे कोठे गेले, याचा माग काढला की आपल्या घरातल्या भांडणात पाहुणा किती शिकून गेला ते कळते.

तरीही 'पेशव्यांनी मराठी आरमार बुडवले' हे वाक्य जसेच्या तसे घेऊ नका. विजयदुर्ग हाती आल्यावर पेशव्यांनी तेथेच आपले आरमार उभे केले आणि एप्रिल 1783 मध्ये त्या आरमाराचे प्रमुख आनंदराव धुळप यांनी इंग्रजांचे 'रेंजर' हे जहाज लढून पकडले. आरमार संपले नव्हते. माझ्या मते गेली ती दुसरी वस्तू : मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या प्रत्येक परक्या जहाजाला वाटणारा आंग्र्यांचा धाक. जहाजे पुन्हा बांधता आली, धाक आला नाही. तुमचे यजमान 'हरलेल्या ठिकाणी कशाला जायचे' म्हणतात, त्यांना एवढेच सांगा, की प्रतापगडावर जाऊन आपण जिंकलो कसे ते कळते; पण 1818 मध्ये हा सारा मुलूख इंग्रजांकडे कसा गेला हे कळायला विजयदुर्गाचा उत्तर तट जास्त उपयोगी आहे.

वेळ उरला तर गिर्येजवळ, वाघोटन खाडीच्या आत, खडकात कोरून काढलेली जुनी आरमारी गोदी पाहा. भरतीला जहाज आत घ्यायचे, तोंड बंद करायचे आणि ओहोटीला पाणी उतरले की डागडुजी करायची, असा तिचा उपयोग. तेथे फलक वाचण्यापेक्षा कड्यावर बसून पाणी आत येताना पाहावे. गिर्येच्या रामेश्वराकडे उतरणारी, जांभा खोदून केलेली वाटही त्याच फेरीत होते.

प्रश्न : आम्ही अलिबागला राहतो. लग्नाला पाच वर्षे होतील म्हणून एक दिवस फक्त दोघांनी कोठेतरी जायचे ठरवले आहे. ह्यांना उंबरखिंड पाहायची आहे, मला खांदेरी. सासूबाई म्हणतात, कोठेही जा पण पालीच्या बल्लाळेश्वराला जाऊन या. कोणती जागा निवडावी?
(एक वाचक, अलिबाग)

उत्तर : सासूबाईंनी निकाल आधीच दिलेला आहे. खोपोली-पाली रस्त्यावर शेमडी गावाशी वळले की चावणी, आणि तेथे अंबा नदीच्या काठी उंबरखिंडीचे स्मारक आहे. म्हणजे बल्लाळेश्वर आणि रणभूमी एकाच दिवसात होतात. फेब्रुवारी 1661 मध्ये शाएस्तेखानाने पाठवलेला कारतलबखान लोणावळ्याच्या बाजूने सह्याद्री उतरून कोकणात येत असताना शिवाजी महाराजांनी त्याला या अरण्यात पुढून व मागून कोंडले. बरोबरच्या रायबागन या मातब्बर सरदार स्त्रीने शरण जाण्याचा सल्ला दिला आणि खंडणी व सामान टाकून खानाला परतावे लागले. खान हरला तो तोफांपेक्षा जागेमुळे : पुढे वाट नाही, मागे वाट नाही, वारा नाही आणि पाणी नाही.

म्हणून स्मारकाशी फोटो काढून परत फिरू नका. तेथून डोंगराच्या दिशेने पाहा आणि ओझ्याची जनावरे, तंबू, भांडी घेऊन हजारो माणसे एका ओळीत कशी उतरत असतील ते डोळ्यांपुढे आणा. मी पहिल्या खेपेस पाण्याची बाटली गाडीतच विसरून गेलो होतो आणि अर्ध्या तासात खानाबद्दल मला सहानुभूती वाटू लागली.

खांदेरीसाठी वेगळा दिवस ठेवा आणि तो पावसाळ्यानंतरचा ठेवा. होडीने बेटावर जाण्याआधी थळच्या किनाऱ्यावर तासभर बसा, कारण खरी रणभूमी बेटावर नसून किनारा आणि बेट यांच्या मधल्या उथळ पाण्यात आहे. 1679 च्या पावसाळ्याअखेर महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडाऱ्यांनी खांदेरीवर तट बांधायला घेतला, तेव्हा मुंबईच्या तोंडाशी किल्ला नको म्हणून इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. त्यांची मोठी जहाजे खोल पाण्यात अडकून वाऱ्याची वाट पाहत, आणि आपल्या वल्ह्यांच्या लहान होड्या रात्री उथळ पाण्यातून दगड, चुना, दाणागोटा घेऊन बेटावर पोचत. 18 ऑक्टोबर 1679 ला नागावच्या बाजूने आलेल्या, महाराजांचा आरमारी सरदार दौलतखान याच्या आरमाराने इंग्रजांवर हल्ला चढवला. त्या दिवशी इंग्रजांचे 'डव्ह' आपल्या हाती लागले आणि 'रिव्हेंज'ने एकटीने टिकाव धरून मराठ्यांच्या होड्या मागे रेटल्या, म्हणजे दिवस कोणाचा यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. पण तट बांधायचा थांबला नाही आणि जानेवारी 1680 मध्ये इंग्रज निघून गेले. त्याच महिन्यात सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली. थळहून पाहताना जवळ दिसते ती उंदेरी आणि तिच्या पलीकडे खांदेरी, हे लक्षात ठेवले की सिद्दीने नेमके तेच बेट का धरले, ते किनाऱ्यावर बसूनच उमगते.

2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या 12 मराठा किल्ल्यांत खांदेरी आहे. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गही आहेत. तेव्हा गर्दी वाढायच्या आत जाऊन या.

प्रश्न : किल्ल्याखालच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ह्यांना गंजलेला, नारळाहून लहान, जड गोळा मिळाला. तोफेचाच असावा असे वाटते. ह्यांनी तो डिकीत टाकून घरी आणला आणि आता टीव्हीच्या शेजारी ठेवायचा म्हणतात. मला पटत नाही. काय करावे?
(एक वाचक, मालवण)

उत्तर : तुम्हाला पटत नाही ते योग्यच आहे. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग यांसारखे किल्ले केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहेत आणि 1958 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यानुसार तेथील वस्तू उचलून आणता येत नाही. किल्ल्याच्या हद्दीबाहेर, पण मातीत वा वाळूत दडलेली मौल्यवान जुनी वस्तू सापडली तरी 1878 चा निखात निधी कायदा आहे आणि तिची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

कायदा बाजूला ठेवला तरी टीव्हीशेजारी तो टिकणार नाही. समुद्रात पडून राहिलेल्या लोखंडात मीठ खोलवर मुरलेले असते. ते बाहेर हवेत कोरडे होऊ लागले की आतून गंज फुगतो, पापुद्रे सुटतात आणि वर्ष-दोन वर्षांत गोळ्याचा भुगा होतो. प्रयोगशाळेत असे लोखंड महिनोन् महिने औषधी पाण्यात बुडवून त्यातले मीठ काढतात, मगच ते वाळवतात. तोवर घासू नका, तेल लावू नका, उन्हात ठेवू नका. झाकणाच्या बादलीत गोड्या पाण्यात बुडवून ठेवा.

त्याहून मोठी हानी आधीच झाली आहे, ती जागेची. कोणत्या तटाखाली, तटापासून किती पावलांवर, कोणत्या खडकाशी तो पडला होता, यावरून तो वरून खाली झाडलेला की खालून वर झाडलेला, याचा अंदाज बांधता येतो. यजमानांना जागा आठवत असेल तर आजच कागदावर नकाशा काढून घ्या, तारीख आणि ओहोटीची वेळ लिहा, आणि गोळ्याबरोबर तो कागद पुरातत्त्व खात्याच्या किल्ल्यावरील कर्मचाऱ्याकडे किंवा तहसील कचेरीत देऊन पोच घ्या. आतून पोकळ आणि एखादे छिद्र असलेला गोळा असेल तर मात्र तो हलवूही नका, बादलीतही टाकू नका. तशा गोळ्यात दारू भरलेली असे. पोलीस ठाण्यात कळवा आणि ते येईपर्यंत मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवा.